जुन्या एसीतला गॅस : कोंडणं वेगळं, काढणं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातला दीड टनाचा स्प्लिट एसी, चौदा वर्षं जुना, आर-२२ गॅसवाला, हल्ली धड थंड करत नाही, म्हणून काढून नवीन लावायचाय. बघायला आलेला मेकॅनिक म्हणाला की "यात गॅस उरलाच नसणार, नट सैल करून सोडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे". तर असं सोडलेलं चालतं का, त्यात धोका काय, आणि एवढं सोपं असेल तर आपणच घरी का करू नये.

चालत नाही, आणि स्वतःही करू नका. पण नुसतं एवढं सांगून भागत नाही कारण तुम्ही दुसरा मेकॅनिक बोलवाल आणि तो "पंप डाऊन करून देतो" म्हणेल, म्हणजे गॅस आऊटडोअरमध्ये, बाहेरच्या युनिटमध्ये, कोंडून देतो, ते ऐकायला जास्त शास्त्रशुद्ध वाटतं, आणि तुमच्या केसमध्ये तेसुद्धा चुकीचं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय, सुरुवातीची काही वर्षं मीही नट सैल करून फुस्स करून सोडणाऱ्यांपैकीच होतो, तेव्हा उगाच शहाणपणा शिकवतोय असं समजू नका.

आधी "गॅस उरलाच नसेल" याबद्दल. हे बघून कळत नाही, हात लावून कळत नाही, आणि थंड करत नाही म्हणजे गॅस संपला असंही नाही. कॉइल धुळीने चोंदलेली असते, आऊटडोअरच्या फॅनचा कपॅसिटर कमजोर झालेला असतो, कॉम्प्रेसर झिजलेला असतो, दहा कारणं निघतात. गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावायलाच लागतो. एसी बंद करून दोनचार तास झाले की आतला दाब बाहेरच्या तापमानाशी जुळतो, आणि आत थोडासा जरी लिक्विड असला तरी प्रत्येक गॅसचा त्या तापमानाला ठरलेला दाब असतो. आर-२२ चा २५ डिग्रीला साधारण १३७ पीएसआय (हे दाबाचं माप), ३५ डिग्रीला १८० च्या थोडा वर. त्याच्यानंतर आलेल्या आर-४१०ए गॅसचा २५ ला २२६ च्या आसपास आणि ३५ ला २९५. आता गंमत अशी की आत पूर्ण भरलेला गॅस असो नाहीतर फक्त दोनशे ग्राम असो, जोवर लिक्विडचा एक थेंब शिल्लक आहे तोवर बंद एसीवर गेज तोच आकडा दाखवणार. म्हणजे गेज "आहे की नाही" सांगतो, "किती आहे" सांगत नाही. किती होता ते फक्त वजनकाटा सांगतो आणि तोही गॅस बाहेर काढल्यावर. काटा न आणता आलेला माणूस गॅस काढायला आलेलाच नाही, तो एसी उतरवायला आलाय, असं मी सरळ धरतो.

आता सोडून दिला तर काय होतं. आर-२२ साध्या हवेच्या दाबाला उणे ४१ डिग्रीला उकळतो, आर-४१०ए आणि हल्लीच्या एसीतला आर-३२ तर उणे ५० च्याही खाली. नट सैल केला की लिक्विड फवारा मारत बाहेर येतो आणि जिथे लागेल तिथली कातडी गोठवतो. माझ्या डाव्या अंगठ्याच्या बाजूला अजून एक पांढरट डाग आहे, हेल्पर असतानाचा. तेव्हा वाटलं भाजलं, फोड पण भाजल्यासारखाच आला. डोळ्यात गेला असता तर आज हे लिहीत बसलो नसतो. त्यामुळे चष्मा आणि जाड हातमोजे, हे नखरे नाहीत. असं काही झालंच तर चोळायचं नाही, कोमट पाणी ओतत राहायचं आणि डॉक्टरकडे जायचं, डोळ्याचं असेल तर एक मिनिट न घालवता.

श्वासाचं काय, तर इथे लोक एकतर फार घाबरतात किंवा अजिबात घाबरत नाहीत. हिशोब करून बघू. एक किलो आर-२२ चा वायू झाला की साधारण २८० लिटर होतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली धरली तर ती झाली २८ हजार लिटरची, म्हणजे सगळा गॅस सुटून सारखा पसरला तरी एक टक्का. खिडकी उघडी असेल तर माणूस यात गुदमरत नाही. पण हा गॅस हवेच्या तिप्पट जड आहे, तो सारखा पसरत नाही, खाली बसतो. आऊटडोअर जर अरुंद डक्टमध्ये असेल, तळघरात असेल, किंवा मेकॅनिक खाली वाकून बंदिस्त जागेत काम करत असेल तर त्याच्या नाकातोंडापाशी हवा उरतच नाही, आणि याला म्हणावा असा वास नसतो की माणूस सावध होईल. शिवाय जास्त प्रमाणात छातीत गेला तर हृदयाचे ठोके बिघडवतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चक्कर आली की काम तिथेच टाकून उघड्यावर यायचं, आधी नट आवळतो मग येतो असं करायचं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ज्योत. आर-२२ मध्ये क्लोरीन आणि फ्लोरीन दोन्ही आहेत, गॅस कटरच्या ज्योतीत सापडला की त्याचे हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडचे वायू होतात, थोडा फॉस्जीन पण होतो, तोच जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला होता. आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाही म्हणून फॉस्जीन होत नाही, पण फ्लोरीनचे ॲसिड होतेच. मी एकदा एका आऊटडोअरचा कॉम्प्रेसर सोडवताना "रिकामा आहे" या भरवशावर गॅसच्या टॉर्चने पाईप गरम केला. आत उरलेला गॅस आणि तेल बाहेर आलं, ज्योत एकदम हिरवी झाली आणि दुसऱ्या क्षणाला घशात कोणीतरी सुई घातल्यासारखं झालं. नशीब की गच्चीवर होतो, वारा होता. रात्रभर खोकत होतो. तेव्हापासून जुना पाईप मी टॉर्चने कधीच उघडत नाही, पाईप कटरने कापतो, आणि टॉर्च लावायचाच असेल तर आधी नायट्रोजन फिरवून दोन्ही टोकं उघडी ठेवून मगच. नायट्रोजनच, ऑक्सिजन नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो म्हणून त्यानेच लाईन फुंकणारे महाभाग मी पाहिलेत. आत तेल असतं, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की ठिणगीचीही गरज लागत नाही.

वातावरणाचा भाग थोडक्यात सांगतो कारण तरुण पोरं विचारतात की एक किलोने काय होतंय. आर-२२ मधला क्लोरीन ओझोन खातो, क्लोरीनचा हा धोका १९७४ साली मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी मांडला, १९८७ ला माँट्रियल करार झाला, आणि त्याच्याखाली आर-२२ टप्प्याटप्प्याने बंद होत आलाय. आर-४१०ए ओझोनला काही करत नाही पण उष्णता मात्र तोही धरून ठेवतो, म्हणून २०१६ मध्ये किगालीला त्याच करारात या गॅसेसचाही समावेश झाला. आकड्यात सांगायचं तर एक किलो आर-२२ हवेत सोडणं म्हणजे शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं, आर-४१०ए चं २,१०० च्या जवळ जातं, आर-३२ चं ६७५. अनेक देशांमध्ये मुद्दाम सोडणं हा गुन्हाच आहे. बाकी ज्याला फुस्स करायचंय तो हे वाचूनही करेल, म्हणून मी त्याच्या अंगठ्यावर आणि घशावर जास्त भर देतो.

आता पंप डाऊन. मूळ घोळ इथे आहे. पंप डाऊन म्हणजे गॅस काढणं नव्हे, गॅस आऊटडोअरमध्ये कोंडणं. एसी एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचा असेल तर ही पद्धत उत्तम आहे, रोज करतो आम्ही. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, इन्व्हर्टर असेल तर फोर्स कूलिंग मोडवर, नाहीतर तो मध्येच स्पीड कमी करून बसतो. गेज जाड पाईपच्या सर्व्हिस पोर्टला, म्हणजे गेज जोडायच्या तोंडाला. मग बारीक पाईपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने पूर्ण बंद करायचा. कॉम्प्रेसर इनडोअर आणि पाईपमधला गॅस ओढत राहतो आणि पुढे जायला वाट नाही म्हणून तो कंडेन्सरमध्ये, म्हणजे आऊटडोअरच्या कॉइलमध्ये, साठत जातो. गेज खाली खाली येतो, शून्याच्या जरा वर असताना जाड पाईपचा व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच एसी बंद. छोट्या पाईपचा एसी असेल तर एकदोन मिनिटांचा खेळ आहे. मग नट उघडले तर किरकोळ फुस्स येतो, बस.

पण याच्या अटी आहेत आणि त्या तोडल्या तर हे काम गॅस सोडून देण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. पहिली, कॉम्प्रेसर ठणठणीत चालू पाहिजे. दुसरी, आऊटडोअरचा फॅन फिरला पाहिजे आणि कॉइल साफ पाहिजे, कारण सगळा गॅस तिथे गोळा होणार, तो थंड झाला नाही तर दाब चढत जातो. तिसरी, पाईप लांब म्हणून मागे कधी जास्तीचा गॅस भरला असेल तर तो सगळा कंडेन्सरमध्ये मावेलच असं नाही. आणि चौथी, जी तुम्हाला लागू आहे, ती म्हणजे लीकेज नको. का ते नीट समजून घ्या. पंप डाऊनमध्ये शेवटी शेवटी लो साईडचा, म्हणजे कॉम्प्रेसर जिथून गॅस ओढतो त्या बाजूचा, दाब हवेच्या दाबाखाली जाऊ शकतो, तेव्हा कुठे भोक असेल, फ्लेअर, म्हणजे नटाखालचं पाईपचं पसरवलेलं टोक, तडकलेला असेल, तर तिथून गॅस बाहेर न येता बाहेरची हवा आत ओढली जाते. कॉम्प्रेसरमध्ये तेलाचे बारीक कण असतात, त्यात हवा, वर जबरदस्त दाब आणि उष्णता. डिझेल इंजिन स्पार्क प्लगशिवाय कसं पेटतं ते आठवा, तेच इथे होतं आणि आऊटडोअर बॉम्बसारखा फुटतो. जपानमध्ये असे अपघात झालेले आहेत, माणसं जखमी झालीत, आणि आता नवीन एसीच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये याची वॉर्निंग ठळक असते. बहुतेक वेळा चूक तीच, घाईत कॉम्प्रेसर चालू असतानाच पाईप सोडवले, किंवा व्हॉल्व्ह बंद न करता विसरून एसी तसाच चालू ठेवला, किंवा लीक असलेल्या एसीवर हट्टाने पंप डाऊन केलं.

तुमचा एसी थंड करत नाही, चौदा वर्षं जुना आहे, म्हणजे लीकची शंका आधी येते. त्यामुळे लीक नाही हे नक्की होईपर्यंत त्याच्यावर पंप डाऊन करायचं नाही. आणि समजा लीक नाही, तरी तो कुठे परत लावायचाय? भंगारातच जाणार ना. मग गॅस आऊटडोअरमध्ये कोंडून तुम्ही केलंत काय, तर दाबाखालचा सिलिंडर भंगारवाल्याच्या हातात दिलात. तो तांब्यासाठी पहिल्यांदा कुठे कापतो? कंडेन्सरच्या पाईपला. तुमच्या घरात नाही फुटला, त्याच्या तोंडावर फुटला, एवढाच फरक.

म्हणून माझं मत असं की एसी जर कायमचा निघणार असेल तर पंप डाऊन करूच नका, एसी भिंतीवर असतानाच, पाईप जोडलेले असतानाच, मशीन लावून गॅस रिकव्हर करून घ्या. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे, मेन स्विच बंद, कपॅसिटर डिस्चार्ज केलेला, आणि रिकव्हरी मशीनने गॅस ओढून सिलिंडरमध्ये. यात एसीच्या कॉम्प्रेसरची गरजच नाही, तो जळालेला असला तरी चालतं. आधी आऊटडोअर उतरवून मग खाली नेऊन करतो म्हणणारे असतात, त्यात एक अडचण आहे जी नवशिक्यांना चकवते. तो सर्व्हिस पोर्ट जो असतो ना, व्हॉल्व्ह बंद असताना तो पाईपच्या बाजूला जोडलेला असतो, आऊटडोअरच्या आतल्या बाजूला नाही. म्हणजे पंप डाऊन करून उतरवलेल्या आऊटडोअरच्या पोर्टला गेज लावला तर तो शून्य दाखवतो आणि पोरगं म्हणतं "रिकामा आहे", आणि आत एक किलो गॅस बसलेला. असा उतरवलेला आऊटडोअर रिकामा करायचा तर आधी दोन्ही फ्लेअरच्या तोंडांना ब्लँक (आरपार भोक नसलेले) नट लावून घट्ट बंद करायचे, मग व्हॉल्व्ह उघडायचे, मग पोर्टवरून ओढायचं. मी वर जो हिरव्या ज्योतीचा किस्सा सांगितला त्यातला भरवसा असाच शून्य दाखवणाऱ्या गेजवरचा होता.

रिकव्हरी कशी होते ते तुम्हाला समोर उभं राहून बघता यावं म्हणून सांगतो. मशीन, त्याच्या इनलेटला एक छोटा फिल्टर ड्रायर (कचरा आणि ओल अडवणारा), मॅनिफोल्ड म्हणजे गेजचा संच, होज, काटा, आणि रिकव्हरीचा सिलिंडर. सिलिंडर रिकव्हरीचाच पाहिजे, दोन व्हॉल्व्हवाला, टेस्टची तारीख उलटून न गेलेला. नवीन गॅस ज्या वापरा-फेका सिलिंडरमध्ये येतो त्यात परत गॅस भरायचा नाही, कधीच नाही, त्याचा व्हॉल्व्ह आणि पत्रा त्यासाठी बनवलेलाच नसतो. रिकामा सिलिंडर आधी व्हॅक्यूम करून घ्यायचा, नाहीतर त्यातली हवा गॅसमध्ये मिसळते. होज जितके आखूड तितकं काम लवकर, आणि पोर्टमधली पिन टूलने काढून घेतली तर अजून लवकर, कारण ती एवढीशी पिन सगळा प्रवाह अडवते. आधी लिक्विड ओढून घ्यायचं मग वायू.

ऐंशी टक्क्यांचा नियम मात्र डोक्यात पक्का पाहिजे. सिलिंडर लिक्विडने ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, कारण लिक्विड तापलं की फुगतं आणि वर वायूची जागाच उरली नाही तर दाब हळूहळू नाही, एकदम चढतो. आणि ऐंशी टक्के म्हणजे किती किलो हे गॅसवर ठरतं. बारा लिटर वॉटर कपॅसिटीचा, म्हणजे बारा लिटर पाणी मावेल असा सिलिंडर धरा, ऐंशी टक्के म्हणजे ९.६ लिटर. आर-२२ चं लिक्विड २५ डिग्रीला लिटरला १.१९ किलो भरतं म्हणजे ११.४ किलो झाले, तेच आर-३२ चं ०.९६ भरतं म्हणजे ९.२ किलो. आर-२२ चा आकडा डोक्यात धरून आर-३२ भरत राहिलात तर सिलिंडर जवळजवळ गच्च. म्हणून काटा सुरुवातीपासून सिलिंडरखाली, शेवटी नाही.

मध्येच कॉम्प्रेसरच्या खालच्या भागावर किंवा त्याच्या शेजारच्या अक्युम्युलेटरवर, म्हणजे छोट्या टाकीवर, बर्फ जमायला लागला तर समजायचं की तिथे लिक्विड साठलंय आणि उकळून उकळून थंड पडलंय. तिथे गरम पाण्याचं फडकं लावायचं, ज्योत नाही. उलट सिलिंडर तापत असेल आणि मशीन दाबावर ट्रिप होत असेल तर सिलिंडर पाण्याच्या बादलीत, एवढं पुरतं. गेज शून्याच्या थोडा खाली गेला की मशीन बंद करून पाच दहा मिनिटं थांबायचं. इथे बहुतेक जण घाई करतात. तेलात विरघळलेला गॅस हळूहळू बाहेर येतो आणि गेज परत वर चढतो, मग पुन्हा ओढायचं. गेज खाली जागच्या जागी राहिला म्हणजे झालं. घरगुती एसीला यात अर्धा पाऊण तास लागतो. पाच मिनिटांत होत नाही.

मग काट्यावरचं वजन आणि एसीच्या नामपट्टीवर लिहिलेलं वजन शेजारी ठेवून बघायचं. थोडा तेलात राहतोच, तेवढा सोडा. पट्टीवर १ किलो आणि निघाला ९५० ग्राम तर एसी लीक नव्हता, थंड न होण्याचं कारण दुसरं होतं. साडेचारशेच निघाला तर बाकीचा कधीतरी हवेत गेलेला. आणि पट्टीवरच्यापेक्षा जास्त निघाला तर मागच्या कोणीतरी काटा न लावता नुसत्या प्रेशरवर गॅस मारलेला. त्यानेही एसी थंड करत नाही बरं का, लोकांना वाटतं जास्त गॅस म्हणजे जास्त थंड.

एक गोष्ट जी जुन्या आर-२२ एसींना खास लागू होते. इतक्या वर्षांत टॉपअप किती वेळा झालं आणि कशाने झालं हे कोणी सांगू शकत नाही. आर-२२ मिळेनासा झाला तसा काही जणांनी त्यात प्रोपेनसारखा हायड्रोकार्बन गॅस मारायला सुरुवात केली, थंड छान करतो, म्हणून मालकही खूश. पण तो पेटतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो, आर-३२ ला त्याच गोष्टीसाठी चौदा टक्के लागतात. आणि गेजवर हे कळत नाही, कारण २५ डिग्रीला आर-२२ चे १३७ आणि प्रोपेनचे १२३, इतके जवळ की दुपार संध्याकाळच्या तापमानाच्या फरकात ते लपून जातं. गॅस ओळखायचं आयडेंटिफायर यंत्र असतं ते लावलं तर खात्री होते. नसेल तर बिलं बघा, आधीच्या मेकॅनिकला विचारा, आणि शंका असेल तर तो गॅस पेटणारा आहे असंच धरून काम करायचं, म्हणजे पेटणाऱ्या गॅससाठी चालणारंच मशीन, जवळ स्विच चालू बंद करायचे नाहीत, विडी सिगरेट नाही, खिडक्या उघड्या, आणि स्वतंत्र सिलिंडर. एक दूषित सिलिंडर चांगल्या गॅसमध्ये ओतला की सगळाच वाया, तो पुन्हा वापरता येत नाही, शुद्ध करणाऱ्या केंद्राकडे किंवा नष्ट करायलाच द्यावा लागतो. कॉम्प्रेसर जळालेल्या एसीचा गॅस पण असाच वेगळा ठेवायचा, त्यात ॲसिड असतं, तेलाला तर हात पण लावू नका, करपट वास येतो त्यावरून कळतं.

विंडो एसीबद्दल पण कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. त्याला सर्व्हिस व्हॉल्व्ह नसतात, सगळं कारखान्यात सीलबंद केलेलं असतं, त्यामुळे पंप डाऊन होतच नाही. कॉम्प्रेसरमधून बाहेर आलेली टोक चेपलेली तांब्याची एक नळी असते, तिच्यावर पिअर्सिंग व्हॉल्व्ह आवळून भोक पाडायचं आणि तिथून मशीनने ओढायचं. कापायचं नाही. फ्रिजलाही हेच, फक्त नवीन फ्रिजमध्ये बहुतेक आयसोब्युटेन असतो, पेटणारा, वजनाने जेमतेम पन्नासेक ग्राम, तो बाहेर काढायची पद्धत वेगळी आहे, त्यात इथे शिरत नाही.

तुम्ही स्वतः काय करायचं तर हे. आऊटडोअरच्या नामपट्टीचा फोटो काढा, गॅसचं नाव आणि वजन त्यावर असतं. मेकॅनिकला फोनवरच विचारा की रिकव्हरी मशीन आणि काटा आहे का, आणि काढलेला गॅस कुठे देतो. गडबडला किंवा हसला तर दुसरा बघा. काम चालू असताना पोरांना आणि जनावरांना त्या खोलीत येऊ देऊ नका, पंखा लावून खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकघराची शेगडी बंद. आऊटडोअर बाहेर लटकवलेला असेल तर माणसाला कमरपट्टा आणि दोर पाहिजे, गॅसपेक्षा जास्त माणसं या धंद्यात उंचीवरून पडून जातात. आणि जुनेच पाईप नव्या एसीला वापरून देतो म्हणाला तर नको म्हणा. आर-२२ च्या पाईपमध्ये मिनरल ऑइल चिकटलेलं असतं, नव्या गॅसचं तेल वेगळं, आणि आर-३२ चा दाब दीडपटीहून जास्त, जुना फ्लेअर तो झेलेलच असं नाही.

गॅस निघाल्यावर व्हॉल्व्ह उघडेच ठेवायला सांगा, पोर्टमधली पिन काढलेली राहू दे, म्हणजे आत परत दाब धरणार नाही. सिलिंडरला चिठ्ठी लागली पाहिजे, कुठला गॅस, किती, मिसळीची शंका आहे का. आणि आऊटडोअरच्या पत्र्यावर जाड मार्करने लिहून टाका, गॅस काढला, इतके ग्राम, अमुक तारीख. मी हे गेली बरीच वर्षं करतोय, आता भंगारवालाच आधी विचारतो की यावर लिहिलं का नाही, आणि नसलं तर हात लावत नाही.